सेन्सेईंचा मान

मुलुंड पूर्वेला एका जुन्या समाजमंदिराच्या हॉलमध्ये राजाराम खवणेकर कराटेचा क्लास चालवायचे. मुलांनी सर म्हणून हाक मारली तर ते वळूनही बघत नसत. सेन्सेई म्हणायचं, जपानी लोक गुरूला म्हणतात तसं. ते स्वतः कधी जपानला गेले नव्हते. पण हॉलच्या भिंतीवर त्यांनी एका सामुराईचं चित्र लावलं होतं, फ्लेक्सवर छापून आणलेलं. कमरेला दोन तलवारी, डोळे बारीक केलेले, आणि खालच्या कोपऱ्यात पैसे देणाऱ्या मेडिकल स्टोअरचं नाव. क्लास सुटायच्या आधी मुलांना त्या चित्रासमोर गुडघ्यांवर बसवून ते गोष्टी सांगायचे. सामुराई घरात दाणा नसला तरी शेजाऱ्याला सांगतो, आत्ताच जेवलो. सामुराई धन्याच्या अपमानाचा बदला घेण्यासाठी वर्षानुवर्षं भिकाऱ्याच्या वेशात फिरतो. सामुराईला जीव मोठा नसतो, मान मोठा असतो.

दीप्ती वराडकर चौथीत असताना पहिल्यांदा त्या हॉलमध्ये आली आणि या गोष्टी तिच्या अंगातच भिनल्या. तिच्या घरीही दाणा नसल्याचे दिवस आले होते. वडील काशीराम गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर मुलुंडच्याच एका पॅकिंगच्या कारखान्यात लागले, तोही बंद पडल्यावर वॉचमन झाले. आई प्रेमा तीन घरी पोळ्या लाटायची. आपण गरीब आहोत याची दीप्तीला लाज वाटायची. सेन्सेईंनी पहिल्यांदा सांगितलं, की गरिबी लपवायची नसते, मिरवायचीही नसते, ताठ मानेने गिळायची असते. लाज वाटणाऱ्या मुलीला ते औषधासारखं लागू पडलं.

ब्लॅक बेल्ट मिळाल्यापासून लहान मुलांच्या दोन्ही बॅच तीच घ्यायची. फी सेन्सेई घ्यायचे. एकदा आईने डोकं खाल्लं म्हणून तिने भीत भीत विचारलं, मला महिन्याला काही मिळेल का. सेन्सेई रागावले नाहीत. त्यांनी तिच्याकडे दयेने पाहिलं.

"पगार घेतो तो नोकर. न घेता उभा राहतो तो सामुराई. तुला काय व्हायचंय?"

दीप्तीने घरी येऊन आईला सांगितलं, मला नोकर व्हायचं नाही. प्रेमा नुकतीच पोळ्यांच्या घरून आली होती. ती हातावर वाळलेलं पीठ खरवडत राहिली. पुढे एका शाळेत कंत्राटावर खेळाच्या बाईंचं काम मिळालं तेव्हा घर जरा सावरलं, पण संध्याकाळ सेन्सेईंचीच राहिली.

सेन्सेईंना एक सवय होती. रविवारी क्लास संपल्यावर ते फ्लेक्सखालच्या खुर्चीत बसून पायाची नखं कापायचे. खाली वर्तमानपत्र, एक पाय दुसऱ्या मांडीवर, आणि तोंडाने मानाच्या गोष्टी चालू. अंगठ्याचं नख पिवळं आणि जाड होतं, ते तुटताना कट्ट आवाज यायचा आणि तुकडा कुठेतरी लांब उडायचा. दीप्ती तो शोधून आणायची, कागदाची पुडी करायची आणि बाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकायची. इतकी वर्षं ती हे करत आली होती आणि त्यात काही वाईट आहे असं तिला वाटलं नव्हतं.

सेन्सेईंचा सगळ्यात जुना विद्यार्थी सिद्धेश. तो एक दिवस निघून गेला. अंधेरीला एका टॉवरच्या क्लबहाऊसमध्ये त्याने स्वतःचा क्लास काढला. एसी, आरसे, रबराची जमीन. वर्ष उलटायच्या आत मुलुंड पश्चिमेलाही एका टॉवरमध्ये दुसरा काढला आणि सेन्सेईंकडची निम्मी मुलं तिकडे गेली. एवढ्यावरही सेन्सेई गप्प होते. मग सिद्धेशचा एक व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर फिरायला लागला. त्यात तो हसत हसत सांगत होता, "मी जिथे शिकलो तिथे कराटे कमी आणि कथाकीर्तनच जास्त होतं. सामुराईच्या गोष्टी ऐकून मेडल मिळत नाही, बॉस."

त्या रविवारी सेन्सेईंनी दीप्तीला थांबवून घेतलं. नखं कापता कापताच त्यांनी विचारलं, "धन्याचा अपमान झाला तर सामुराई काय करतो?"

"सूड घेतो."

"धनी स्वतः घेतो का?"

"नाही. त्याची माणसं घेतात."

"माझी माणसं कोण आहेत, दीप्ती?"

हॉलमध्ये ती दोघंच होती.

"घाटकोपरच्या स्पर्धेत त्याची ती कोळ्यांची पोर उतरतेय," ते म्हणाले. "अक्षता. त्याचा सगळा धंदा त्या पोरीच्या पोस्टरवर चाललाय."

"मी हरवते तिला, सेन्सेई."

"हरवून काय होणार? पुढच्या वर्षी परत उभी राहील." त्यांनी नेलकटरचं टोक स्वतःच्या गुडघ्याला बाजूने लावलं. "इथे. सगळं वजन या पायावर असताना. लोकांना वाटलं पाहिजे, पाय घसरला."

दीप्तीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. गुडघ्यावर मारणं नियमात नव्हतंच, पण लहान मुलांना पहिल्या दिवशी ती हेच शिकवायची, की सांध्यावर मारायचं नाही, कुणाला जन्माचं अधू करायचं नाही.

"तिने माझं काही वाईट केलेलं नाही," ती म्हणाली.

"सामुराई शत्रूचा स्वभाव विचारत नाही. धन्याचा मान बघतो." मग आवाज मऊ करून ते म्हणाले, "माझं वय झालं. हा क्लास उद्या कुणाचा? मी दुसऱ्या कुणाला सांगू शकलो असतो. तुला सांगतोय."

ती नाही म्हणू शकली असती. पण नाही म्हटलं असतं तर चौथीपासूनची सगळी वर्षं कशाची होती, याचं उत्तर तिला द्यावं लागलं असतं. चाळीत तिला कराटेवाली दीप्ती म्हणायचे. घराकडे एवढी एकच मानाची गोष्ट होती आणि ती या माणसाने दिली होती. तिने मान हलवली, कागदाची पुडी उचलली आणि बाहेर गेली.

घाटकोपरच्या हॉलमध्ये सकाळपासून गर्दी होती. अक्षताला तिने याआधी दोनदा पाहिलं होतं. एकोणीस वर्षांची, वेसाव्याच्या कोळीवाड्यातली, खांदे रुंद, हसताना पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला. लढतीच्या थोडं आधी ती दीप्तीजवळ आली.

"ताई, एखादा रबर आहे का गं केसांना? माझा तुटला."

दीप्तीने मनगटावरचा रबर काढून दिला. अक्षताने केस करकचून बांधले आणि म्हणाली, "तुझ्या लढतींचे व्हिडिओ बघून मी साइड किक शिकले. सिद्धेश सरांना नको सांगूस."

लढत सुरू झाली. अक्षता वेगवान होती. पहिले दोन गुण तिने असे घेतले, की दीप्तीला कुठून फटका आला तेच कळलं नाही. तिसऱ्या वेळी अक्षताने डावा पाय उचलला, सगळं अंग उजव्या पायावर तोललं, आणि दीप्तीला तो गुडघा दिसला. पांढऱ्या कपड्याखाली थोडासा वाकलेला. त्या क्षणी तिच्या मनात ना सेन्सेई होते ना सामुराई. फक्त जागा होती. तिने पाय बाजूने खाली मारला.

आवाज फार मोठा झाला नाही. अक्षता ओरडलीही नाही. तिच्या घशातून एक बारीक, लहान मुलासारखा आवाज निघाला आणि ती बसल्यासारखी खाली गेली. पाय तिच्याखाली नको त्या दिशेला वळला होता. ती पायाकडे बघत नव्हती. दीप्तीकडे बघत होती, काहीतरी विचारायचं असल्यासारखी.

पंचांनी दीप्तीला बाद केलं. सिद्धेश कठड्यावरून ओरडत होता, डॉक्टर धावत आले. कुणीतरी म्हणालं, घाम होता, पाय सरकला. दीप्तीने गर्दीत सेन्सेईंना शोधलं. ते हाताची घडी घालून उभे होते. त्यांनी अगदी थोडीशी मान हलवली, मुलाने पाढा बरोबर म्हटल्यावर हलवतात तेवढीच.

बाहेर आल्यावर सेन्सेईंनी उसाचा रस घेतला. तिलाही घ्यायला लावला.

"आज किती दिवसांनी झोप लागेल मला," ते म्हणाले, आणि मिशीला लागलेला फेस जिभेने पुसला.

दीप्तीला तिथेच उलटी झाली. रस, सकाळची चपाती, सगळं फुटपाथवर. ती वाकलेली असताना तिने बघितलं, सेन्सेईंनी चटकन दोन पावलं मागे घेतली आणि आपल्या बुटांवर काही उडालं का ते पाहिलं. तिच्या पाठीवर हात एका फुलवालीने ठेवला.

अक्षताचं ऑपरेशन झालं, गुडघ्यातले दोन बंध तुटले होते, असं दीप्तीला कळलं. तिला जेवण जाईना. शाळेत मुलांना शिट्टी मारून पळवताना तिची नजर त्यांच्या गुडघ्यांवरच जायची. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी ती वेसाव्याला गेली. खाडीच्या बाजूने बांबूंवर बोंबील वाळत घातलेले होते, त्याच्या मागच्या गल्लीत घर. दार उघडंच होतं.

अक्षताची आई अंजनाबाई उंबऱ्याशी बसून कोलंबी सोलत होती. यारी रोडच्या बाजारात तिची मासे विकायला बसायची जागा होती, पण मुलीसाठी ती घरी थांबली होती. दीप्तीने नाव सांगितलं. अंजनाबाईने हात धुतले, पदराला पुसले आणि तिला नीट पाहिलं.

"मुलुंडवरना आलीस? एवढ्या लांबून?" ती म्हणाली. "बस. कोण नाय आला गं दुसरा. तूच आलीस."

अक्षता खाटेवर होती, पाय मांडीपासून घोट्यापर्यंत बांधलेला. दीप्तीला बघून तिचा चेहरा उजळला, आणि ते दीप्तीला सहन झालं नाही.

"ताई, तुझा पाय घसरला ना? माझा काका म्हणतो, मुद्दाम मारलं. मी म्हटलं, मी समोर होते का तू होतास? ती तशी नाहीये."

दीप्तीने तोंड उघडलं. खरं सांगायलाच ती आली होती.

"हो," ती म्हणाली. "घसरला."

"बघ आई."

"सिद्धेश सर येतात का?" दीप्तीने विचारलं.

"एकदा आले. माझ्यासोबत फोटो काढला, टाकला. फाइटर कधी हरत नाही वगैरे." अक्षता भिंतीकडे बघत म्हणाली. "आता फोन उचलत नाहीत. डॉक्टर म्हणाले, खेळायचं विसर. ते त्यांना कळलं असेल."

अंजनाबाईने तिला जेवल्याशिवाय सोडलं नाही. कोलंबीचं कालवण, भात, तांदळाची भाकरी. ती समोर बसून वाढत होती आणि दीप्ती खात होती. घास तोंडात फुगायचा, ती पाण्याने खाली ढकलायची. आपण या घरात बसून यांचंच अन्न खातोय आणि खोटं बोलतोय, हे तिला ताटात दिसत होतं. तरी ती ताट संपेपर्यंत उठली नाही, कारण उठली असती तर अंजनाबाईने विचारलं असतं, का गं.

गुरुपौर्णिमेला दरवर्षी हॉलमध्ये कार्यक्रम असायचा. मुलं ओळीने येऊन सेन्सेईंचे पाय धुवायची. स्टीलची परात, तांब्या, हळदकुंकू, झेंडूच्या पाकळ्या. त्या वर्षी पालकही बरेच होते. प्रेमा पेढे घेऊन आली होती आणि मागच्या रांगेत बसली होती. सेन्सेईंच्या शेजारी दुसरी खुर्ची होती आणि तिच्यावर सिद्धेश बसला होता. पांढरा कुर्ता घालून, हसत.

दीप्तीला वाटलं, तो भांडायला आलाय. पण सेन्सेई उठले, माइक हातात घेतला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "घरातलं भांडण घरातच मिटलं. सिद्धेश माझाच मुलगा आहे. आजपासून त्याचे दोन्ही क्लास आणि आपला हा क्लास, तिन्हींवर एकच नाव लागणार. खवणेकर अकॅडमी."

टाळ्या वाजल्या. सिद्धेश वाकून त्यांच्या पाया पडला. मग त्याने माइक घेतला आणि सांगितलं, की सेन्सेईंच्या गोष्टी आता एसी हॉलमध्ये ऐकायला मिळतील, आणि लोक हसले. घाटकोपरनंतर त्याच्याकडे पोस्टरवर लावायला कुणी उरलं नव्हतं. सेन्सेईंकडे नाव होतं पण तसली जागा नव्हती. एवढंच होतं. दीप्ती परातीजवळ तांब्या धरून उभी होती आणि तिला ते इतकं स्वच्छ दिसलं, की आश्चर्यही वाटलं नाही.

"एकच गोष्ट राहिली," सेन्सेई म्हणाले. "घाटकोपरला आपल्या मुलीचा तोल गेला. मी तेव्हाच तिला खूप बोललो. सिद्धेशचं मन मोठं आहे. दीप्ती, ये. त्याचे पाय धर, माफी माग. विषय संपला."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. सिद्धेशने नम्रपणे हात जोडले, पण पाय परातीत ठेवले. सेन्सेईंचे पाय आधीच त्यात होते. पाणी लालसर गढूळ झालं होतं, पाकळ्या कडेला चिकटल्या होत्या, आणि त्या पाण्याखाली अंगठ्याचं ते पिवळं नख होतं. चार पाय, एक परात. तिने तांब्या खाली ठेवला.

"माइक द्या," ती म्हणाली.

सेन्सेईंना वाटलं माफीसाठीच मागतेय. त्यांनी दिला.

"माझा तोल गेला नव्हता," दीप्ती म्हणाली. तिचा आवाज शाळेत हजेरी घेताना असतो तसाच होता. "सेन्सेईंनी याच खुर्चीत बसून मला जागा दाखवली. म्हणाले, उभ्या पायावर, बाजूने मार, आणि पाय घसरल्यासारखं दाखव. मी तसंच केलं. अक्षताचा गुडघा मी ठरवून मोडला. नंतर तिच्या घरी जाऊन खोटं बोलले आणि जेवून आले."

सेन्सेईंनी माइकसाठी हात पुढे केला. तिने दिला नाही.

"मी कधी असं सांगितलं?" ते मोठ्याने म्हणाले. "पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय. बाहेर न्या तिला."

"सांगितलंत. नखं कापत होतात." तिने पुढे म्हटलं, "माफी मागायची तर त्या पोरीची मागेन. या परातीत हात घालणार नाही. मला किळस येते, सेन्सेई. तुमची येते, याची येते. आणि तुमचं ऐकून ते केलं त्या माझी सगळ्यात जास्त येते."

दोन पालक उठून तिच्याकडे आले आणि दंडाला धरून तिला दाराकडे नेऊ लागले. ती स्वतःहून चालली. प्रेमा पेढ्यांचा पुडा छातीशी धरून तिच्या मागे आली.

रस्त्यात प्रेमाने विचारलं, "खरं केलंस तू ते?"

"हो."

प्रेमा पुढे निघून गेली. घरापर्यंत ती मुलीच्या बरोबरीने चालली नाही.

घरी काशीराम खाटेवर बसले होते. त्यांना सगळं सांगून झाल्यावर त्यांनी पाय खाटेखाली सोडले. मग म्हणाले, "तेणां सांगितल्यान आणि तू केलंस?"

"हो, बाबा."

"आमच्या संपात मालकाची माणसां यायची. आमची डोकी फोडूक. मी तेव्हा म्हणायचंय, ही कोणाची पोरां असतील? कोणाच्या घरची?" त्यांनी तोंड फिरवलं. "माझ्याच घरची, ह्या काय मी तेव्हा म्हणलंय नाय."

हॉलमध्ये कुणीतरी मोबाईलवर ते टिपलं होतं. दुसऱ्या दिवसापर्यंत ते मुलुंडभर पसरलं. शाळेने दीप्तीला बोलावून सांगितलं, की लहान मुलांची जबाबदारी आहे, समजून घ्या. तिला समजलं. त्यात चूक काय होती. चाळीतल्या बायका नळावर गप्प व्हायच्या. एकजण म्हणाली, केलं ते केलं, पण बोलायची काय गरज होती. दीप्तीने त्यावर खूप विचार केला आणि तिला त्या बाईचाही राग आला नाही, फक्त तिच्याशी बोलावंसं वाटेना.

आठवडाभराने अंजनाबाई आली. वेसाव्याहून विचारत विचारत आली होती. दारातच उभी राहिली. प्रेमाने पाणी आणलं, ते तिने हातात घेतलं नाही.

"माझ्याकडे बसून जेवलीस, तेव्हा तुला ठावं होतं?" तिने विचारलं.

"हो."

"माझी पोर तुझी बाजू घेऊन काकाशी भांडली, तवाही?"

"हो."

अंजनाबाई तिच्याकडे बघत राहिली. रडली नाही, ओरडली नाही. "माझा दीर म्हणतो, तिचा पण पाय मोडू. चार पोरं तयार हायत. मी म्हटलं, थांबा, मी बघून येते." तिने पदर खांद्यावर घट्ट ओढला. "बघितलं. मला हात पण लावावासा वाटत नाय तुला. आमच्या पोरांचे हात कशाला घाण करू."

दीप्ती म्हणाली, "मावशी, पोलिसांत चला. मी लिहून देते. मी केलं, आणि कुणी सांगितलं, दोन्ही."

"मावशी नको म्हणू."

"चला."

अंजनाबाई पुढे आणि दीप्ती मागे, अशा त्या गेल्या. तक्रार घेताना तिथल्या हवालदाराने दीप्तीला दोनदा विचारलं, तुम्ही स्वतःविरुद्ध लिहून देताय, कळतंय ना. तिने हो म्हटलं. कराटेच्या संघटनेने तिच्यावर कायमची बंदी घातली आणि खवणेकरांना ताकीद दिली. ताकीद म्हणजे एक कागद. काही पालकांनी मुलं काढून घेतली, पण दिवाळीच्या सुट्ट्या संपल्यावर त्यातली बरीच परत आली, कारण टॉवरमधला क्लास घराखालीच होता. दीप्ती भांडुपच्या एका गोदामात माल मोजून घ्यायच्या कामाला लागली. प्रेमाला पोळ्यांच्या घरी कळलं, की सेन्सेई आता मुलांना नवीन गोष्ट सांगतात, धन्याशी बेइमानी करणाऱ्या एका सामुराईची. त्याचं शेवटी काय होतं हे मात्र रोज वेगळं सांगतात.

केस उभी राहायला वेळ लागला. पहिल्या तारखेला अक्षता काठी घेऊन आली होती. गुडघा पुरता वाकत नव्हता, त्यामुळे कोर्टाच्या बाकावर तिला पाय पुढे लांबवून बसावं लागलं आणि जाणाऱ्या येणाऱ्याला तो ओलांडावा लागत होता. खवणेकर वकिलाबरोबर लांब उभे होते, कुणाकडे न बघता. दुपारी पुढची तारीख मिळाली. सगळे उठले. अंजनाबाई रिक्षा बघायला बाहेर गेली तेव्हा अक्षता काठी टेकत दीप्तीसमोर येऊन थांबली. खरं कळल्यानंतर ती पहिल्यांदाच तिच्याशी बोलत होती. ताई म्हणाली नाही.

"एक विचारायचंय. खरं सांग. त्याने तुला सांगितलं नसतं, तर तू मला हरवलं असतंस का?"

दीप्तीने ती लढत मनात पुन्हा पाहिली. ते दोन गुण, आपण उशिरा उचललेले हात, समोरच्या मुलीचा वेग.

"नाही," ती म्हणाली. "तू जिंकली असतीस. सहज."

अक्षताने मान हलवली. "मला पण तसंच वाटतं," ती म्हणाली. "पण कुणी म्हणत नाही."

बाहेरून अंजनाबाईची हाक आली. अक्षता वळली आणि एकेका पायरीवर आधी काठी, मग न वाकणारा पाय, मग धड पाय, अशी जिना उतरत गेली. दीप्ती वरच थांबली. मदतीला हात पुढे करायचा अधिकार आपल्याला नाही, हे तिला माहीत होतं. अक्षता खाली पोचेपर्यंत मात्र तिने नजर हलवली नाही.